विहिरीची चौथी बाजू

परवा बाबांना घेऊन अकोल्याला गेले होते... एका शिफारसपत्रासाठी.

मला परदेशात एलएलएम करायचंय, विषय आंतरराष्ट्रीय कायदा. अर्जासोबत प्राध्यापकांचं पत्र लागतं आणि शुक्रवार शेवटचा दिवस होता. आमच्या घरात मी पहिलीच ग्रॅज्युएट, त्यामुळे पुढे आणखी काय शिकायचं असतं हे घरी कुणाला नीट सांगताच आलं नव्हतं.

ज्यांचं पत्र हवं होतं त्या मॅडम मूळच्या अकोल्याजवळच्या पातूरच्या. तीस वर्षं आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला, आधी दिल्लीत, मग परदेशात. आता रिटायर होऊन अकोल्याच्या जुन्या शहरात भावाकडे राहतात. अमरावतीला आमच्या कॉलेजात त्या लेक्चरला यायच्या, तिथली ओळख. फोनवर त्यांनी एकच अट घातली... घरच्या कुणाला तरी सोबत आण, अर्जातला तुझा निबंध त्यांना मराठीत सांग. त्यांना समजला तर पत्र देते.

बाबांचा भाजीचा मळा आहे. मॅडमसाठी आणलेली मेथी मांडीवर धरून ते सोफ्याच्या अगदी कडेला बसले. मी सुरू केलं... जागतिक शांतता, मानवजात, हेगचं न्यायालय.

दहा मिनिटांनी बाबा म्हणाले, "म्याडम, पोरगी बोलते लय झ्याक. पण काय बोलून राहिली, ते मले नाही समजलं."

मॅडम खळखळून हसल्या. मला मात्र रडू फुटायचं बाकी होतं.

"एखादं उदाहरण दे," त्या म्हणाल्या. निबंधाच्या शेवटी नाकेबंदीचा एक पॅरा होता, तो मी सांगितला. अठराशे साठच्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा तिकडचा कापूस तिकडेच अडकला. भांडण दोघांचं, पण मग तिसऱ्याची जहाजं अडवायचा हक्क कुणाला?

बाबा एकदम पुढे सरकले. "थांब माय. हे त आपल्या इहिरीचं हाये!"

आमच्या मळ्यातल्या विहिरीचा काठ तीन बाजूंनी घडीव दगडाचा आहे, चौथ्या बाजूला नुसती माती. मला वाटायचं, ती बाजू ढासळली असेल.

"माह्या आज्यानं सांगतलं व्हतं. समुद्रापल्याड लढाई चालू व्हती तवा आपला कापूस सोन्यासारखा गेला, मनून इहीर बांधाले घेतली. लढाई सरली, भाव पडला... गवंडी गेले ते गेले." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अन् तू हे इंग्रजीत लिहून राहिली, घरी काहून नाही सांगतलं?"

मॅडमच म्हणाल्या, "भाऊ, मीही परदेशात शिकायला अर्ज केले होते, पहिल्या वर्षी सगळ्यांना नकार आला. त्यात हेग होतं, पातूर कुठंच नव्हतं." मग मला म्हणाल्या, "विहिरीपासून लिही. पत्र आत्ताच देते." मेथीही त्यांनी ठेवून घेतली.

काल अर्ज पाठवला. नकारही येऊ शकतो... पण आज मळ्यात गेले आणि पहिल्यांदाच त्या मातीच्या बाजूला जाऊन बसले. लहानपणापासून अभ्यासाला मी समोरच्या दगडावर बसायचे. माझा विषय इतकी वर्षं समोरच होता... आमची ओळख करून द्यायला बाबांना अकोल्यापर्यंत यावं लागलं.