तांडेलांनी परत घेतलेला शब्द

मोठ्या दुकानाच्या मासळी विभागात ती नोकरीला लागली ती वडिलांच्या नावावर. वडील चाळीस वर्षं तांडेल होते, म्हणजे होडी कधी हाकायची, जाळं कुठं टाकायचं आणि कधी माघारी फिरायचं हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो माणूस. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा होडी विकून ते लेकीकडे राहायला आले. लेकीनं लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांत दोघं बापलेक. मुलाखतीत मॅनेजरनं एकच विचारलं, "तांडेलांची मुलगी का तुम्ही?" ती हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पांढरा एप्रन घालून काउंटरमागे उभी राहिली.

बाबांना कोण आनंद! ज्याला त्याला सांगत सुटले. "धक्क्यावर जायची आता गरज नाही. मासा घ्यायचा तर माझ्या पोरीकडून घ्या. ती सांगेल तेच खरं." त्यांचा शब्द चालायचा. त्यांच्या होडीवरचा मासा वर्षानुवर्षं खाल्लेली घरं एकेक करून तिच्या काउंटरवर येऊ लागली.

पहिले सहा-सात महिने मासा खरोखरच धक्क्यावरून यायचा. मग होड्या कमी झाल्या आणि खोके येऊ लागले. आत काटे काढलेले, सोललेले, एकसारखे पांढरे तुकडे. काउंटरवरची पाटी मात्र तीच राहिली: 'आपल्या बंदरावरचा मासा'.

एके सकाळी कोठीवाला रजेवर होता म्हणून ती स्वतःच शीतगृहात गेली. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत सगळं छापलेलं होतं. मासा पकडला होता एका समुद्रात, कापायला-सोलायला गेला होता भलत्याच देशात, आणि पकडल्याला अकरा महिने उलटून गेले होते. वजन टिकावं म्हणून औषधाच्या पाण्यात भिजवल्याचंही लिहिलं होतं. दुकानात तो वितळवून बर्फावर मांडला की झाला ताजा.

तिनं मॅनेजरला विचारलं. तो हसला. "ताई, पाटी काय म्हणते? बंदरावरचा. मग कंटेनर काय विमानतळावर उतरतो? बंदरावरच उतरतो ना!"

तीही हसली. पुढं कितीतरी वर्षं तिला स्वतःचं ते हसणं आठवून कानकोंडं व्हायचं.

नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. दर आठवड्याला यायच्या आणि दर वेळी विचारायच्या, "काय गं, इथलाच ना?" खोक्यावरचं वाचल्यानंतर त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिची जीभ अडखळली. "इथलाच, बाई." पुढच्या खेपेला अडखळली नाही.

बाबा दुकानात कधी येत नसत. उभं राहणं त्यांना जमायचं नाही. पण एके दिवशी डोळे तपासायला जवळच आले होते, म्हटलं लेकीला काम करताना पाहावं. मुख्याध्यापिकाबाई काउंटरशी उभ्या होत्या, बाबा त्यांच्या मागे येऊन थांबले, आणि तिला ते दिसायच्या आत ती बोलून गेली, "इथलाच, बाई. आज सकाळचा."

बाई वळल्या. "अरे, तांडेल! तुमच्यामुळे चांगला मासा मिळतो हो आम्हाला."

बाबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "बघू गं एक तुकडा." तिनं कागदावर ठेवून दिला. त्यांनी अंगठ्यानं दाबला. खळगा पडला तो पडलाच, वर आला नाही. कडेनं पाणी सुटलं. त्यांनी अंगठा रुमालाला पुसला, लेकीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "तुझी रांग खोळंबली. मी निघतो."

संध्याकाळी जेवताना त्यांनी हळूच विचारलं, "बाळ, तो मासा कुठला?"

"वरून येतो बाबा. मला काय माहीत?"

"बरं," म्हणाले, आणि पानातलं संपवून उठले. ओरडले असते तर तिनं सगळं ओकलं असतं. पण त्यांचा तो स्वभाव नव्हता.

त्यानंतर बाबा रोज दुपारी काठी घेऊन बाहेर पडू लागले. गुडघ्यांना चालणं हवं, असं सांगायचे. दमून यायचे, पाय वर घेऊन पडून राहायचे. तिला बरंच वाटलं. म्हातारा माणूस घरात कोंडून घेत नाही म्हणून.

दोन आठवड्यांनी मुख्याध्यापिकाबाई काउंटरवर आल्या, पण त्यांनी काही मागितलं नाही.

"तुझे बाबा आले होते घरी. तीन जिने चढून. म्हणाले, मी तुम्हाला इथला मासा म्हणून सांगितलं ते चुकलं. डोळे अधू झालेत, मला ओळखता आला नाही. मी म्हटलं, अहो, तुमची मुलगीही इथलाच म्हणते. तर म्हणाले, तिला वरून जे सांगतात तेच ती सांगते, तिला बोल लावू नका." बाईंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. "चौदा घरी जाऊन आले म्हणे. दिलेला शब्द परत घ्यायला."

तिनं हातातला चिमटा बर्फावर ठेवला. मागे चार माणसं उभी होती. ती म्हणाली, "बाई, त्यांची चूक नाही. मासा इथला नाही, आणि मला ते ठाऊक होतं."

दुसऱ्या दिवशी तिनं खोक्यावरचा मजकूर पुठ्ठ्यावर जसाच्या तसा उतरवून काचेला लावला. दुपारपर्यंत टिकला. आठवड्याभरात तिला भाजीच्या वजनकाट्यावर पाठवलं. बाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी गल्लीतल्या सह्या जमवल्या, लोक काउंटरवर विचारू लागले, आणि वर्ष सरता सरता दुकानानं ती पाटी उतरवली. त्या जागी मासा कुठं पकडला, कुठं साफ केला याची छापील चिठ्ठी आली. तिनं घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "चांगलं झालं. लोकांना वाचता येतंय ना, मग झालं तर."

पण तिला जे सांगायचं होतं ते हे नव्हतंच. एकदा त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळताना तिनं धीर केला. "बाबा, त्या दिवशी जेवताना मी तुम्हाला—"

"तेल फार गरम आहे गं," ते म्हणाले. "जरा निवू दे."

ती थांबली. तेल कोमट होतं हे तिच्या बोटांना कळत होतं. त्यांना ऐकायचं नव्हतं, की तिला सांगायला लावायचं नव्हतं, हे तिनं त्यांना विचारलं नाही. पुढच्या थंडीत बाबा गेले. सांत्वनाला ती चौदाही घरं आली. कुणी तिला एका शब्दानं दुखावलं नाही, आणि प्रत्येकाला पाणी देताना तिच्या मनात एकच येत होतं, की यांच्या दारात जायला हवं होतं ते मी.