दाजी, आता लाईट लावा

अक्काचा फोन आला तेव्हा मी लातूरला घराच्या पायरीवर बसून पोरांचे पेपर तपासत होतो. "सिधू, तुझ्या दाजींच्या गाडीला..." एवढंच ती बोलली आणि फोन तिच्या हातातून शेजारच्या कुणीतरी घेतला. त्या माणसानं सावकाश, नीट सांगितलं. दाजी मोटारसायकलवर किनवटहून नांदेडला घरी येत होते, भोकरच्या अलीकडं, दिवेलागणीची वेळ. समोरून येणारा टेम्पो शेताच्या रस्त्याकडं वळला. दाजी जागीच गेले. एवढं सांगून फोन ठेवणं त्या भल्या माणसाला बरं वाटलं नसावं, म्हणून तो पुढं म्हणाला, "टेम्पोवाला म्हंतोय सायेब, मला दिसलेच न्हाईत. गाडीला लाईट न्हवता."

आपला माणूस गेला की आधी रडू यावं. मला आधी भीती वाटली. खोटं कशाला लिहू? दाजी गेले हे डोक्यात शिरायच्या आधीच ती गाडी डोळ्यांपुढं आली, कारण तिचं बॅटरीचं चार्जिंग मी दुरुस्त केलं होतं. मी लातूरला आयटीआयमध्ये गाड्यांचं इलेक्ट्रिक काम शिकवतो. बावीस वर्षं तेच करतोय. आणि माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा माझ्या हातची गाडी चालवताना, लाईट नव्हता म्हणून गेला. पाच आठवडे होऊन गेले, पण ती भीती काही हललेली नाही.

दाजी म्हणजे वसंतराव, किनवट तालुक्यातल्या एका निवासी शाळेच्या हॉस्टेलचे अधीक्षक. अक्का लेकीच्या कॉलेजसाठी नांदेडला राहायची. दाजी आठवडाभर जंगलातल्या त्या हॉस्टेलात आणि शनिवारी गाडीवर घरी. असा भित्रा माणूस मी दुसरा बघितला नाही. सापाला भ्यायचे, विजेला भ्यायचे, गॅसच्या टाकीला भ्यायचे. साहेबांचा फोन आला की खुर्चीतून उठून, शर्टाची वरची गुंडी लावून मग बोलायचे. आम्ही सगळे त्यांची थट्टा करायचो. "दाजी, मागं मांजर हाय, पळा!" म्हणायला मी कधी कमी केलं नाही. ते हसायचे. "हासा मास्तर, हासा. मी भेतो म्हणून माझी पोरं सुखरूप हायेत." माझी पोरं म्हणजे हॉस्टेलमधली. रोजची भाजी आधी स्वतः खायचे, अर्धा तास थांबायचे, आपल्याला काही होत नाही असं बघून मगच वाढू द्यायचे. पोरं भुकेनं ताटं वाजवायची आणि हे घड्याळाकडं बघत बसलेले. एका पावसाळ्यात ओढ्याला पाणी असताना तापानं फणफणलेल्या पोराला टॉवेलनं स्वतःच्या पाठीशी बांधून, ह्याच गाडीवर किनवटच्या दवाखान्यात घेऊन आले होते. पोरगं वाचलं. दाजींचे हात मात्र पुढं आठ दिवस थरथरत होते, असं अक्का सांगायची. आता ह्याला भित्रा म्हणायचं तरी कसं?

त्यांची दुसरी खोड म्हणजे सांगितलेलं पाळायची. डॉक्टरांनी एकदा बीपी बघून "पंधरा दिवस मीठ कमी करा" म्हटलं. दाजींनी दोन वर्षं अळणी खाल्लं! अक्का बेजार झाली. "अहो, पंधरा दिवस म्हणाले होते ना?" तर म्हणतात कसे, "हाव, पण आता खा म्हणून कुठं म्हणालेत?" शेवटी अक्कानं त्यांना धरून दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी हसत हसत "खा हो सर" म्हटलं, तेव्हा कुठं दाजींच्या ताटात मीठ आलं. हा किस्सा प्रत्येक लग्नकार्यात सांगून मी लोकांना हसवलंय. आता तोच आठवला की अंगावर काटा येतो. का, ते सांगतो.

श्रावणात दाजी गाडी घेऊन थेट लातूरला आले. "मास्तर, गाडी लई बेजार करून राहिली. सेल्फ मारला की नुसतं टक टक. हॉर्न वाजतो का कण्हतो, तेच कळंना." गाडी पंधरा-सोळा वर्षांची. हेडलाईटसुद्धा बॅटरीवर चालणारा, म्हणजे बॅटरी बसली की सगळा अंधार. एका वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या, कारण ज्या ज्या दुकानात गेले तिथं "बॅटरी गेली" एवढंच ऐकायला मिळालं. मला संताप आला. "दाजी, हौदात नळाचं पाणीच येत नसंल, तर नवा हौद बांधून काय उपयोग? आधी नळ बघाय पाहिजे का नको?" मीटर लावला. गाडी बंद असताना बॅटरी बारा पॉईंट तीन व्होल्ट. गाडी चालू करून रेस दिली तर आकडा चौदाच्या आसपास चढायला पाहिजे. तो उलटा बाराच्या खाली यायला लागला. म्हणजे बॅटरीला काहीच मिळत नव्हतं, ती नुसती रिकामी होत होती. मग इंजिनवर वीज तयार करणाऱ्या कॉइलकडून येणाऱ्या तिन्ही पिवळ्या वायरी सोडवून, दोन-दोन धरून मोजल्या. तिन्ही जोड्या सारख्या, रेस दिली की सारख्या वाढणाऱ्या. कॉइल चांगली. राहिलं मधलं आरआर युनिट. कॉइलचा करंट बॅटरीला चालेल असा करून पुढं पाठवतं ते. त्याचा प्लग उपटला तर एक पिन जळून काळी झालेली, प्लास्टिक वितळलेलं. दाजी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "एवढंसं?" म्हणाले. "ह्या एवढ्याशासाठी मी दोन वेळा रानात अडकलो?"

त्या मॉडेलचं युनिट त्या दिवशी लातूरच्या बाजारात मिळालं नाही. जळका प्लग कापून मी वायरी डाग देऊन जोडल्या. आकडा तेरापर्यंत आला. काम भागण्यापुरतं. आणि मग मी, मोठा शिक्षक, हिंडू-फिरू लागलेल्या पेशंटला डॉक्टर सांगतात तसं पथ्य सांगितलं. ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. आठवू नयेत असं वाटतं, तरी आठवतात. "नवं युनिट बसवीपर्यंत सेल्फ मारू नका, किक मारा. अन् लाईट जपून वापरा. सांजचंबी नजरंला दिसतंय तोवर बंदच ठेवा, न्हाईतर बॅटरी उतरंल." दाजींनी मान हलवली. दोनदा म्हणून दाखवलं. "दिसतंय तोवर बंद. बरं."

दिवाळीनंतर हॉस्टेल पुन्हा सुरू झालं. त्याच आठवड्यात मी प्रॅक्टिकलचा परीक्षक म्हणून किनवटला गेलो, तेव्हा नवं युनिट सोबत नेलं. परीक्षा आटोपून दाजींच्या क्वार्टरसमोर गाडी उघडली. अक्का नांदेडला होती, तिथं आम्ही दोघंच. त्यातही दाजींचं ध्यान गाडीत नव्हतं. एक पोरगं तापलं होतं आणि ते सारखे आत-बाहेर करत होते. युनिट बसवलं, नवा प्लग बसवला, गाडी चालू करून रेस दिली. चौदा पॉईंट दोन! दाजी चहा घेऊन बाहेर आले तसा मी मीटर त्यांच्या नाकासमोर धरला. "बघा." ते म्हणाले, "म्हंजे झालं का?" मी म्हणालो, "झालं." इथपर्यंत मला लख्ख आठवतंय. कोणता पाना वापरला ते आठवतंय, चहात सुंठ होती ते आठवतंय. नंतर माझी बस लागली म्हणून कुणीतरी हाक मारली आणि मी अर्धा चहा टाकून पळालो. मधे मी ते वाक्य बोललो का? "दाजी, आता लाईट लावा, आता बॅटरी उतरत नाही." बोललो का मी हे? पाच आठवडे झाले, त्या पाच मिनिटांत सारखा जातो आणि तसाच रिकामा परत येतो. साधं वाक्य. दुसऱ्या कुणाला नसतं सांगितलं तरी चाललं असतं, त्यानं आपणहून लाईट लावलाच असता. पण दोन वर्षं अळणी खाणाऱ्या माणसाला ते सांगणं भागच होतं, आणि हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

दाजींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लोक जमले, बोलले. कुणी म्हणालं वायर तुटली असंल, कुणी म्हणालं जुन्या गाडीचा भरवसा न्हाई. मी मागं बसून ऐकत होतो आणि कुणीतरी वळून "सिद्धार्थ, तूच दुरुस्त केली होतीस ना रे?" म्हणेल, ह्या धास्तीनं सारखा दाराकडं बघत होतो. कुणी म्हणालं नाही. तेच जास्त वाईट. लातूरला परत आलो तर वर्गात चार्जिंगचा धडा समोर आला. पोरांना म्हटलं, पुढच्या आठवड्यात घेऊ. तो पुढचा आठवडा अजून यायचाय. संध्याकाळी रस्त्यावर बिनालाईटची गाडी दिसली की मी जागीच थांबतो. परवा एका अनोळखी माणसाला भर चौकात इतक्या जोरात "लाईट लाव ना!" म्हणून ओरडलो, की तो बिचारा घाबरून गाडी थांबवून उभाच राहिला. बायको म्हणाली, तुम्ही डॉक्टरला दाखवा. मी डॉक्टरला काय सांगू?

पोलिसांनी गाडी सोडल्यावर ती टेम्पोत घालून नांदेडला अक्काच्या अंगणात आणून ठेवली होती. अक्काचे तीन फोन झाले. "सिधू, एकदा येऊन बघ रे. लोक काईबी बोलून राहिलेत. लाईट का न्हवता, एवढं मला कळू दे." पहिल्या वेळी परीक्षा म्हणून सांगितलं. दुसऱ्या वेळी कणकण म्हणून. तिसऱ्या वेळी तिनं एवढंच विचारलं, "येतोस ना?" आणि मग मला जावंच लागलं. मोटारसायकल घेऊन निघायची हिंमत नव्हती. एसटीनं गेलो. अहमदपूर गेलं, लोहा गेलं आणि माझ्या मनात एकच चाललेलं... देवा-दैवाला न मानणारा मी, पण त्या दिवशी हात जोडायला कुणीतरी पाहिजे होतं. युनिट जळलेलं निघू दे. माझा जोड सुटलेला निघू दे. माझ्या हाताला दोष लागला तरी चालेल, पण माझ्या न बोलण्यानं ते गेले, असं निघू नये.

दुपारची वेळ होती. अंगणात गाडी भिंतीला टेकवलेली. हँडल वाकडं, पुढचं चाक मुडपलेलं, हेडलाईटची काच फुटलेली, बल्ब मात्र शाबूत. अक्का दारात उभी राहिली. तिनं पाणी दिलं, मी ते तसंच ठेवलं. बॅटरीला मीटर लावला. बारा पॉईंट तीन. किक मारली. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली आणि अक्कानं एकदम दाराची चौकट धरली. तो आवाज ती किती शनिवार ऐकत आली होती. मी रेस दिली. चौदा पॉईंट दोन. जोड पक्का, युनिट ठणठणीत, काम एकदम चोख. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं चोख काम मला बघवेना. मग हँडलकडं बघितलं. लाईटचा स्विच बंद होता. पडताना घासून त्याची कड आत दबली होती, जागचा हलायला तयार नव्हता; म्हणजे पोलिसांनी, टेम्पोवाल्यांनी, कुणी तो नंतर बंद केलेला नव्हता. दोन्ही अंगठे लावून तो पुढं ढकलला. बल्ब लागला. भिंतीवर पिवळा उजेड पडला.

"काय निघालं?" अक्कानं विचारलं.

"गाडी चांगली हाय, अक्का. लाईट बी चांगला हाय. त्यांनी लावलाच न्हवता." आणि मग माझा बांधच फुटला. श्रावणात काय सांगितलं ते सांगितलं, किनवटला काय सांगितलं की नाही ते आठवत नाही हे सांगितलं. "अक्का, मी त्यांना आता लाईट लावा म्हणून सांगितलं होतं का गं? तुला काही बोलले का ते?"

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाली, "सांगितलं होतंस की. मला फोनवर म्हणाले होते ते. सिधूनं समदं ठीक केलंय, लाईट लावा म्हणालाय. त्यांनीच ऐकलं न्हाई बघ. तू नको जीवाला लावून घेऊ." ती पायरी उतरून आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. पन्नाशीला टेकलेली माझी बहीण, कपाळ मोकळं झालेली, मलाच धीर देत होती. मी लहान पोरासारखा रडलो. पाच आठवड्यांत पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला. तिनं डोळे पुसले, तसाच भरलेला तांब्या उचलला आणि आत जायला वळली. जाता जाता तिची नजर त्या बल्बवर गेली आणि रोजच्यासारखी, सवयीनं ती म्हणाली, "अन् ते बंद कर आधी. बॅटरी उतरंल."

शब्द तोंडातून गेले आणि ती थबकली. मीही थबकलो. दाजी घरी येऊन हेच म्हणत असतील, शनिवारमागून शनिवार, दिवाळीनंतरसुद्धा, तेव्हाच ते तिच्या जिभेवर असं बसलं. दाजींना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, आणि दाजींनी फोनवर तिला काही सांगितलेलं नव्हतं. ती माझ्याकडं वळली नाही. पाठमोरीच उभी राहिली, तांब्या छातीशी धरून. गाडी चालू होती. मी स्विचला हात लावला नाही. जे किनवटला, अर्धा चहा हातात असताना बोलायचं होतं, ते मी तिच्या पाठीकडं बघत बोललो.

"उतरत न्हाई, अक्का. दिवाळीपास्नं ठीक हाय ती. आता लाईट लावला तरी चालतंय."