एका खुर्चीचं आंदोलन

शिळ्या भाकरीचे तुकडे टोपल्यात साठतात, तसे किस्से साठतात. एखाद्या दिवशी कुस्करून फोडणी दिली की चार माणसांचा नाश्ता होतो. एमआयडीसीच्या रस्त्यावर, कंपनीच्या गेटासमोरच माझी चहाची टपरी आणि टपरीमागं घर. चहा पिताना माणूस गप्प बसत नाही आणि मला ऐकू कमी येत नाही. मग साठणारच की!

पण कोरोनातले किस्से तसेच पडून राहिले. घडले तेव्हा ऐकायलाच कुणी नव्हतं. टपरी बंद, रस्ता मोकळा. माझे मालक जाऊन वर्षं झालेली. लेक इंदापूरला दिलेली. इंदापूर म्हणजे यष्टीनं एक डुलकी. पण तेव्हा ते फोनमधलंच गाव झालं होतं. काही गंमत दिसली की मी ती बंद स्टोव्हला सांगायचे. खोटं नाही सांगत!

आज तुम्हाला सांगते.

*

आमच्या भिंतीला भिंत लागून दत्तूचं घर. दत्तू कंपनीत कंत्राटी कामगार. त्याची बायको रेखा गावात आशाताई, म्हणजे घरोघरी ताप-खोकला बघत फिरणारी. आणि दत्तूचे वडील तात्या. साखर कारखान्यातून रिटायर, आणि दम्यानं बेजार.

लॉकडाऊन जरा सैल झाला, कंपनीचा भोंगा वाजला. कायमच्या माणसांना बोलावणं आलं, कंत्राटींना आलं नाही. झालं! दुसऱ्या दिवशी लोणी भापकरपासून, वडगावपासून मोटारसायकली आल्या. गेटासमोर ही गर्दी! मास्क सगळ्यांना होता, पण हनुवटीला.

मला विचाराल तर बरं वाटलं. किती दिवसांनी एवढी माणसं बघितली!

तेवढ्यात रेखा स्कूटीवरून आली. कुणाशी बोलली नाही. डिकीतून फक्की काढली, शाळेच्या मैदानावर मारतात ती, आणि रस्त्यावर लांब लांब चौकोन आखायला लागली.

"ज्याला चौकोन मिळंल त्यानं थांबायचं. बाकीच्यांनी घरी!"

दत्तू पेटला. "रेखा, घरचं भांडण घरी! हा आमचा हक्क हाय!"

"हक्क तुमचा हाय, पण छाती तात्यांची हाय!"

  मग मागून संपत नावाचा दत्तूचा जोडीदार म्हणाला, "वहिनी, माझ्या चौकोनात खड्डा आलाय, बदलून मिळंल का?"

*

तेवढ्यात हवालदार आले. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. म्हणाले, "गर्दी केली तर गुन्हा दाखल करीन. पण एकटा माणूस म्हणजे गर्दी न्हाय. एकानं बसा, माझी काय ना न्हाय."

मी टपरीतली प्लॅस्टिकची खुर्ची दिली. पोरांनी पाठीमागं कुंपणाला बोर्ड बांधला: 'न्याय मिळालाच पाहिजे'. आणि ही सगळी कारखान्यात मुरलेली माणसं! दहा मिनिटांत पाळ्या लावून मोकळी. पहिली पाळी दत्तूची, दुसरी संपतची, उद्या दुसरे दोघं. डबा कधी खायचा, तेसुद्धा ठरलं.

मी विचारलं, "आन् तिसरी पाळी?"

संपत म्हणाला, "तिसरी कर्फ्यूला दिली!"

*

एकट्यानं आंदोलन करणं मोठं अवघड असतं बघा. घोषणेचंच घ्या. "कोण म्हणतो देत नाही?" असं एकानं ओरडायचं, आणि बाकीच्यांनी "घेतल्याशिवाय राहत नाही!" म्हणायचं. दत्तू पहिलं ओरडला. पुढचं म्हणायला कुणी नाही. रस्त्यावर एक कुत्रं होतं, तेही उठून गेलं.

दत्तूनं इकडंतिकडं बघितलं. मग स्वतःच हळू आवाजात म्हणाला, "घेतल्याशिवाय राहत न्हाय."

 मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. पुढच्या वेळी तो ओरडला तशी मी ताट बाजूला ठेवलं आणि दिलं खच्चून उत्तर!

तर नेमके हवालदार आलेले. "मावशी, तुमी दोघं झाला!"

"मी माझ्या ओट्यावर हाय. तांदूळ निवडतीय."

"मग ओरडताय कशाला?"

"खडे लय हायत!"

*

आता ही चूक आमच्या एमआयडीसीतल्या माणसांशिवाय जगात कुणी करणार नाही.

गुरुवार होता. सकाळपासून खुर्ची रिकामी. मला वाटलं, पाळीवाल्याची गाडी पंक्चर झाली असेल. उन्हं वर आली तरी कुणी नाही. आणि नेमके त्याच दिवशी कंपनीचे साहेब फाईल घेऊन गेटाबाहेर आले. बोलणी करायला! इतके दिवस काचेतून बघत होते, ते आज स्वतःच्या पायांनी बाहेर!

मी धावत आत जाऊन दत्तूला फोन लावला. "अरे कुठं मेलाय? साहेब आलेत!"

"ओढ्यावर हाय मावशी, म्हस धुतोय. आज गुरुवार न्हवं का? साप्ताहिक सुट्टी हाय!"

कामगारांना गुरुवारची सुट्टी, म्हणून आंदोलनालासुद्धा सुट्टी! मी कपाळाला हात लावला. बाहेर येऊन बघते तर साहेब उन्हानं घामाघूम होऊन त्याच खुर्चीवर टेकलेले, फाईलनं वारा घेताहेत. डोक्यामागं बोर्ड: 'न्याय मिळालाच पाहिजे'.

दूध घेऊन जाणाऱ्या कुणीतरी फोटो काढला. दत्तू पोहोचेपर्यंत साहेब आत गेले होते, आणि फोटो गावात पोहोचला होता. खाली लिहिलेलं, 'साहेबांचाही पाठिंबा!'

पुढं बरेच दिवस साहेब बाहेर आले नाहीत.

*

या सगळ्यात दत्तूच्या घराची मात्र वाटणी झाली. जमिनीची नाही, माणसांची. दत्तू गेटावर बसतो म्हणून त्याचा मुक्काम गोठ्यात. रेखा रोगी बघते म्हणून ती पडवीत. बाहेरच अंघोळ, बाहेरच जेवण. आणि मधल्या घरात तात्या एकटे. रेखा उंबऱ्यावर ताट ठेवायची, चार पावलं मागं सरायची, मग तात्या ताट आत घ्यायचे.

मी भिंतीपलीकडून ऐकायचे. तिघंही मला विचारायचे. "मावशी, तात्या जेवले का?" "मावशी, दत्तूची पाळी सुटली का?" "मावशी, रेखाचा आवाज बसल्यागत वाटतोय का वं?" एका घरातली तीन माणसं, आणि निरोप शेजारणीकडून! लोक मला चोंबडी म्हणतात. त्या दिवसांत तेवढंच माझं काम होतं.

तात्या आंदोलनावर नाराज होते. खिडकीतून म्हणायचे, "आमच्या संपात कारखान्याचा माळ भरायचा माणसांनी! आन् ह्यो एकटा बसतोय, यष्टीची वाट बघितल्यागत!"

मी म्हणायचे, "अवो तात्या, रोगराई हाय."

"मग घरी बसावं. न्हायतर धड भांडावं. ह्ये मधलंच काय काढलंय?"

जरा वेळानं बारीक आवाजात विचारायचे, "उन्हात बसलाय का सावलीत?"

*

एक दिवस संपतनं टूम काढली. "खुर्चीला कोण भितंय? प्रांत ऑफिसवर मोर्चा काढू! हक्क काय लॉकडाऊनमदी बंद पडतो व्हय?"

माझ्या टपरीमागं, आडोशाला, ते सगळं ठरत होतं. रेखा तिथं आली. त्या दिवशी तिच्याकडच्या वाडीतली एक बाळंतीण कोरोनानं दगावली होती. रेखाच तिला दवाखान्यात घेऊन गेली होती. कपडे तेच होते. ती म्हणाली, "हक्क बंद पडत न्हाय भाऊजी. पण मागायला माणूस उराया पायजे."

दत्तू या खेपेला ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "आत शेडमदी खांद्याला खांदा लावून माणसं काम करत्यात. ते चालतंय. बाहेर उघड्यावर आमी उभं राह्यलो की रोग येतो. हे कसं काय, तेवढं सांग."

रेखा वळून कंपनीच्या शेडकडं बघत राहिली. 

मोर्चा निघाला नाही. पण दुसऱ्या दिवशी रेखा स्कूटी घेऊन थेट गेटावर. ताप बघायचं पिस्तूल हातात. "आतल्या कामगारांचा ताप बघायचाय."

वॉचमन म्हणाला, "गेटपास न्हाय, आत जाता येणार न्हाय. आन् आत रोग न्हायच."

"का? रोगाकडं बी गेटपास न्हाय व्हय?"

ओट्यावर मी, खुर्चीवर दत्तू. दोघंही हसलो. रेखा नाही हसली. तिथंच उभी राहिली, उन्हात, पाळी सुटेपर्यंत. बाहेर पडणाऱ्या एकेकाचा ताप बघितला. दत्तू खुर्चीवरून उठून तिला म्हणाला, "बस जरा." ती म्हणाली, "एकच खुर्ची हाय. तुमी बसा."

*

आता शेवटचं सांगते. पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्ये विचारू नका. दत्तू बरा होऊन आला, कामावरही लागला. संपतला मात्र परत घेतलं नाही. तो आता इंदापूरकडं पेरूच्या बागा बघतो, आला की चहाला थांबतो. हे त्याच्या आधीचं.

एका सकाळी दत्तूनं गोठ्यातून हाक मारली. "मावशी, शेणाचा वास येत न्हाय."

"बरं हाय की मग!"

"तसं न्हाय मावशी. काहीच वास येत न्हाय."

मी हातातलं टाकून रेखाला उठवलं. दुपारच्या आत दत्तूला एका होस्टेलात केलेल्या कोविड सेंटरला नेलं. त्याच्या पाळीवाल्यांना, संपतसकट सगळ्यांना, घरातून हलायचं नाही असा हुकूम झाला. आणि नेमके येत्या सोमवारी दुपारी साहेब लेबर ऑफिसरला घेऊन बोलणी करणार होते! त्यांनी अट घातली होती: आंदोलन चालू दिसलं तर बोलू, खुर्ची रिकामी असेल तर मिटलं असं धरू.

सोमवारी सकाळी खुर्ची रिकामी. बाकीचे कामगार भीतीनं फिरकले नाहीत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मीच जाऊन बसावं असं मनात आलं. पण मी कुठली कामगार? साहेब म्हणाले असते, ही तर चहावाली.

मी ओट्यावर उभी होते. शेजारचं दार वाजलं. तात्या! धुवट धोतर, टोपी, तोंडाला दोन मास्क. काठी टेकत, मध्ये मध्ये दम घेत, रस्ता ओलांडला आणि खुर्चीवर बसले.

"तात्या, अवो दमा हाय तुमाला! आत चला!"

हातानंच मला गप्प केलं. बोलायला दम नव्हता.

थोड्या वेळानं रेखाची स्कूटी आली. रात्रभर सेंटरच्या दारात बसून आली होती. मला वाटलं, झालं आता! ही काही म्हाताऱ्याला खुर्चीवर राहू देत नाही.

"तात्या, कुणी सांगितलं हितं बसायला?"

"दत्तूची पाळी हाय."

"त्यो दवाखान्यात हाय."

"म्हणून तर." तात्यांनी दम घेतला. "घरात बी एकटाच असतो की मी, पोरी. हितं बी एकटा. पण हितं कशापायी एकटा हाय, ते तरी म्हाईत हाय."

 रेखानं खिशातून ते ऑक्सिजन बघायचं चिमट्यासारखं यंत्र काढलं, तात्यांच्या बोटाला लावलं. आकडा बघितला. मग अंतर ठेवून तिथंच मातीत मांडी घालून बसली.

हवालदार आले. गाडी थांबवली. "ताई, एक माणूस म्हणालो होतो. तुमी दोघं झाला."

"मी आंदोलनात न्हाय," रेखा म्हणाली. "मी ड्युटीवर हाय. पेशंट बघतीय."

"मग बघा आन् उठा."

"आकडा ठरंना झालाय."

हवालदारांनी लांबूनच वाकून यंत्राकडं बघितलं. माझी नजर अजून चांगली आहे, मलाही ओट्यावरून लाल आकडा दिसत होता. जागचा हलत नव्हता.

हवालदारांनी तात्यांकडं बघितलं, रेखाकडं बघितलं, गेटाकडं बघितलं. मग गाडी पलीकडच्या लिंबाखाली नेऊन लावली.

"ठरू द्या ताई," म्हणाले. "घाई करू नका."

दुपारी गेट उघडून साहेब बाहेर आले, तोवर काही आकडा ठरला नव्हता.