सर्व्हरची स्टेपनी

यंत्र कुठलंही असो, त्याचा एक भाग काढून घरी ठेवला की चोर हात हलवत परत जातो. नदीवरच्या ऑइल इंजिनाचं हँडल मी तीस वर्षं रोज संध्याकाळी पिशवीत घालून घरी आणलं. इंजिन कधी चोरीला गेलं नाय. (हँडल दोनदा गेलं, पण तो वेगळा विषय.)

आमच्या सुनेनं, सुजातानं, किन्हवलीत स्टँडजवळ गाळा घेऊन कॉम्प्युटर क्लास काढला, तेव्हा रखवाली अर्थातच माझ्याकडं आली. म्हणजे मीच घेतली. बारा कॉम्प्युटर, आणि ते सगळे ज्याच्या जिवावर चालायचे तो सर्व्हर: कल्याणहून आणलेली जुनी, शेळीएवढी पेटी. "बाबा, याच्यात दोन प्रोसेसर आहेत," सुजाता म्हणाली होती. मी मान हलवली. शिक्षण चौथी, पण मान हलवण्यात मी कुणाला ऐकत नाय.

एका संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी मी पेटीचं झाकण उघडलं. आत कॅसेटएवढ्या दोन काळ्या वड्या, पाठीला पन्हळी पत्रा, अगदी जुळ्या. दोन्ही काढणं बरं नाय, म्हणून एकच उपटली आणि पिशवीत टाकली. टोकावड्याचे जीपवाले नाय का रात्री इंजिनातला रोटर काढून खिशात घालत! सुजाताला सांगितलं नाय. चोरापासून लपवायची गोष्ट जितक्या कमी लोकांना ठाऊक तितकं बरं.

सकाळी पिशवी घेऊन गेलो, तर सुजातानं पेटी सुरू केलेली! पडद्यावर इंग्रजीत काहीतरी कुरकुर आली, तिनं एक बटण दाबलं, गाडी चालू. म्हणजे या वडीवाचून अडत नव्हतं! मी लगेच ओळखलं. ट्रकला असते तशी ही स्टेपनी. पिशवी तशीच घरी आणली.

"हे काय आणलं नी आता?" आमच्या मंडळींनी विचारलं.

"स्टेपनी."

"कशाची?"

"तुला नाय कळायचं."

त्यांनी ती ओट्यावर ठेवली आणि पत्र्याच्या बाजूवर चहाची गरम किटली टेकवायला लागल्या. ओटा काळा होत नाय म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी सुजाता रडवेली. शुक्रवारी ठाण्याहून साहेब येणार होते. बारा पोरं एकदम बसवून परीक्षा घेणार. नीट झाली तर क्लासला परीक्षा केंद्राची मान्यता, नाय तर पोरं शहापूरला जाणार आणि गाळ्याला कुलूप. आणि इकडं सातवं पोर बसलं की सगळे पडदे गोठत होते!

"बाबा, एक प्रोसेसर बंद दाखवतोय."

"दोन सांगून एकच दिला त्या पेटी विकणाऱ्या शेठनं!"

"आधी दोन दिसत होते हो."

"दिसत असतील. बाजारात बैल चारी पायांवरच उभा असतो!"

मी तिला घेऊन शेजारच्या एसटीडी बूथवर गेलो आणि कल्याणच्या शेठला असा झापला की बूथवाल्यानं खुर्ची लांब सरकवली. शेठ म्हणाला, "काका, सेटिंग बिघडलं असेल. सेटअपमध्ये जाऊन सगळं मूळपदावर आणा."

परत आल्यावर सुजातानं सेटअप उघडला आणि वही काढली. "थांबा, आत्ता काय काय आहे ते लिहून घेते."

"लिहीत काय बसतेस गो? दाबायचं!"

आणि मीच दाबलं.

आता पेटी उठेचना. सुरू होताना आधी कुठं बघायचं याचा क्रम त्या सेटिंगात असतो म्हणे. मी तो पुसला होता. पेटी आधी फ्लॉपीत शोधायची, मग सीडीत, आणि मग हात वर करायची. जिथं खरं बिऱ्हाड होतं, त्या डिस्ककडं ढुंकून बघत नव्हती.

"आधी निदान लंगडत होती," सुजाता म्हणाली. "आता आडवी झाली."

मी परत बूथ गाठला आणि शेठकडून इंजिनिअर मागवला.

गुरुवारी कल्याणहून इंजिनिअर आला. क्रम त्यानं दोन मिनिटांत लावला, पेटी उठली. पण प्रोसेसर एकच! त्यानं झाकण काढलं, आत डोकावला.

"इथला दुसरा प्रोसेसर कुठाय?"

"बघा!" दारात जमलेल्या माणसांकडं वळून मी हात वर केला. "मोकळी जागा विकली आमाला! खेड्यातला माणूस बघून!"

"काका, असा असतो तो," इंजिनिअर मागून म्हणाला. "काळा, कॅसेटएवढा. पाठीला पन्हळी पत्रा."

माझा हात वर होता. तो खाली घ्यायला जरा वेळ लागला.

"बाबा," सुजाता हळूच म्हणाली, "आईंच्या किटलीखाली..."

मी सायकल काढली. घरी मंडळी चहाला बसल्या होत्या.

"किटली उचल."

"गरम हाय. पिऊन तरी होऊ द्या."

"उचल गो! सुजाताचा क्लास हाय त्याच्याखाली!"

इंजिनिअरनं वडी हातात घेतली, फिरवली, हुंगली. "चहा?"

"आल्याचा," मी म्हणालो. खोटं कशाला बोला.

त्यानं ती पुसली, बसवली, बटण दाबलं. सुजातानं डोळे मिटले होते.

पडद्यावर दोन!

शुक्रवारी बाराच्या बारा पोरं बसली, एक पडदा गोठला नाय. साहेबांनी मान्यता दिली आणि चहा मागितला. मी सोडून सगळे हसले.

सुजाता मला कधी वाकडं बोलली नाय. फक्त दुसऱ्या दिवसापासून कुलूप ती स्वतः लावायला लागली. "बाबा, तुमी आता घरीच थांबत जा," एवढंच म्हणाली. बघा, शेवटी रीत माझीच वापरली! यंत्र नीट राहायला हवं, तर एक भाग काढून घरी ठेवायचा. फरक इतकाच, की तिनं बरोबर भाग काढला.