सात हजार मैलांची नोटीस

हसणार असाल तर कपबशी आधी खाली ठेवा. आता जो गाढवपणा सांगणार आहे, तो ऐकताना माझ्या साडूच्या नाकातून चहा आला होता. अन् धोतर होतं पांढरंशुभ्र!

निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी कळंबला वकिली करायचो. माझं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी, उलटतपासणी! मी उभा राहिलो की साक्षीदाराला घाम फुटायचा. मी त्याला वाक्यच पुरं करू द्यायचो नाही. 'व्हय की न्हाय, तेवढंच सांग!' लोक मुद्दाम ऐकायला यायचे हो. खोटं नाही सांगत.

त्या भरात मी मोटार घेतली. बार्शीचे एक म्हातारे डॉक्टर मुलाकडं पुण्याला निघाले होते, त्यांची. काळीभोर, छोटीशी, नव्या नवरीसारखी जपलेली. घर ते दवाखाना अन् दवाखाना ते घर, एवढंच तिनं जग पाहिलेलं. मीटरवर अवघे सहा हजार मैल!

किल्ली देताना डॉक्टर म्हणाले, "हे बघा, थंडीत ही जरा हट्ट करते. तेव्हा हे बटण..."

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "आठ दिवस जीप शिकलोय मी. हिलाही चाकं चारच ना?"

डॉक्टरांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवून दिली. आयुष्यभर पेशंटचं ऐकून घेतलेला माणूस तो, वाद कशाला घालेल?

वर्षभरात मी हजारेक मैल गाडी फिरवली. थंडी असो, धुकं असो, एका झटक्यात सुरू! मी मिशीला पीळ द्यायचो. पण हळूहळू तिला दोन व्यसनं लागली. एक, पेट्रोल पिणं. दुसरं, धूर सोडणं. धूर म्हणजे किती? मी कोर्टाच्या आवारात शिरलो की बाररूममधून भगवानराव वकील ओरडायचे, "अहो, येडशीची आगगाडी कळंबात कशी आली?"

शेवटी गाडी सोलापूरला, तिच्या कंपनीच्या डीलरकडं नेली. केवढं ते दुकान! काचेच्या आत नवी मोटार उभी, फरशी अशी की तिच्यात तोंड बघून भांग पाडावा. तिथले फोरमन मल्लप्पा. साठीचे, जाड भिंगाचा चष्मा, कपाळाला भस्म. त्यांनी दोन तास गाडी तपासली अन् माझ्या हातात एक कागद ठेवला.

कार्बोरेटर उघडून साफ करणे. प्लग नवे. इंजिन खोलून काजळी काढणे. इंजिनचं ऑइल बदलणे. क्लच प्लेट नवी.

खाली खर्च लिहिला होता. तेवढ्यात आमच्याकडं खिल्लारी बैलजोडी आली असती, झुलीसकट!

मग काय विचारता? माझ्यातला वकील उभा राहिला. शोरूममध्ये पाच-सहा गिऱ्हाइकं होती, म्हणजे श्रोतेही आयते.

"फोरमन, मीटर वाचता येतं?"

"येतंय की, सायेब."

"किती मैल दिसतात?"

"सात हजार."

"सात हजारांत क्लच प्लेट झिजती का? व्हय की न्हाय?"

"झिजू नये, सायेब. पण..."

"पण नको! झिजू नये, हे तुम्ही कबूल करता. इंजिनात काजळी साचती का सात हजारांत?"

"साचू नये. म्हणून तर म्हणतो, गाडी कोण चालवतंय त्यावर..."

"गाडी मीच चालवतो!"

"तेच म्हणतोय, सायेब."

गिऱ्हाइकांत कोणीतरी खुदकन हसलं. मी त्या दिशेला अशी नजर टाकली की हसू गिळल्याचा आवाज आला.

मल्लप्पांनी चष्मा पुसला. शांतपणे म्हणाले, "असं करा, तुम्ही गाडी चालवा, मी शेजारी बसतो. एक चक्कर मारू. मला काय वाटतंय ते..."

"म्हणजे आता परीक्षा माझी? मोटार बाजूला राहिली अन् आरोपी मी?"

"तसं न्हवं हो..."

"बस्स!" मी कागदाची घडी केली, खिशात घातली. "हा पुरावा माझ्याकडं राहील." अन् ताठ मानेनं गाडीत बसून निघालो.

आता काय घडलं असेल? तुळजापूरच्या घाटात ताठ मान खाली आली. गाडी चढेना! इंजिन ओरडतंय, मागं काळा ढग, अन् गाडी मुंगीच्या चालीनं. दुसऱ्या वळणावर थांबलीच. देवीच्या दर्शनाला निघालेली दहा-बारा माणसं मागून येत होती. त्यांनी "आई राजा उदो उदो!" करत गाडी ढकलली. एका आजीनं तर गाडीच्या टपाला कुंकू लावलं. म्हणाली, "लेकरा, लई थकलीय रे ही."

अन् माझ्या डोक्यात वीज चमकली. जाताना गाडी सोलापूरपर्यंत गेली. येताना चढेना. मधे काय झालं? दोन तास ती मल्लप्पांच्या ताब्यात होती! म्हणजे चांगले भाग काढून घेतले अन् सडके घातले!

जाताना घाट उताराचा होता अन् येताना चढाचा, हे मात्र डोक्यात आलं नाही. वकिलाला सोयीचं तेवढंच दिसतं बघा.

दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये मी सगळं रंगवून सांगितलं. भगवानराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "सोडू नका! नोटीस द्या. अशी द्या की सोलापूर हाललं पाहिजे!"

दिली. चार पानी! 'सदर मोटार अत्यंत निष्णात हातांनी चालविली गेली असून', 'केवळ सात हजार मैल', 'कपटबुद्धीने सुटे भाग बदलून', 'आठ दिवसांत भरपाई न दिल्यास'. बाररूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवली, टाळ्या घेतल्या अन् रजिस्टर्ड टपालानं रवाना केली.

मग भगवानरावांनी हळूच विचारलं, "पण साक्षीला जाणकार कोण आहे?"

खरंच की! जाणकार हवा. अन् आमच्या जिल्ह्यात मोटारीचा जाणकार म्हणजे धाराशिवचे दस्तगीर मिस्त्री. निजामाच्या काळापासून बड्या अधिकाऱ्यांच्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. खोटं बोलायचे नाहीत, लाचेचं नाव काढलं तर पान्हा घेऊन मागं लागायचे. असा माणूस साक्षीला मिळाला तर खटला खिशात!

रविवारी सकाळी गेलो. मिस्त्री लिंबाच्या झाडाखाली बाजेवर बसले होते. मी सगळी हकीकत सांगितली, यादी दाखवली. त्यांनी यादी दोनदा वाचली, दाढी खाजवली.

"वकीलसाब, गाडी चालू करो. मैं बाजू में बैठता."

हे पण शेजारीच बसणार! पण साक्षीदार आपला, म्हटलं बसू द्या.

मी गाडीत बसलो. नेहमीप्रमाणे समोरची खुंटी बाहेर ओढली, जरा पिळून घट्ट केली अन् तिच्यावर कागदपत्रांची पिशवी अडकवली.

मिस्त्री पिशवीकडं बघायला लागले. मग माझ्याकडं. पुन्हा पिशवीकडं.

"ये क्या टांगे जी?"

"पिशवी. केसचे कागद आहेत."

"पिशवी तो दिखती. कायपे टांगे?"

"खुंटीवर! कंपनीनं मोठी सोय केलीय हो. आत ढकललेली असली की पिशवी घसरते, म्हणून मी पुरती बाहेर ओढून घेतो."

मिस्त्रींनी डोळे मिटले. ओठ हलले. बहुतेक अल्लाचं नाव घेतलं असावं.

"रोज टांगते?"

"रोज. वर्ष झालं."

"या खुदा! वकीलसाब, ये खुंटी नहीं. ये चोक है, चोक! थंडी में गाडी चालू करने को मिनिटभर खींचना, फिर अंदर ढकलना. ये बाहर रहा तो इंजिन में पेट्रोलच पेट्रोल जाता. सालभर तुम इस गरीब के मुँह में पेट्रोल की घागर उलटी करके रखे!"

अरे देवा! डॉक्टर जे बटण दाखवत होते ते हेच! एका झटक्यात गाडी सुरू व्हायची ती माझ्या हुशारीनं नाही, पिशवीसाठी ओढलेल्या खुंटीनं!

मी शेवटचा प्रयत्न केला. "बरं, धुराचं अन् काजळीचं समजलं. पण क्लच प्लेट? ती तर डीलरनं उगाचच..."

"चलो आगे." मिस्त्री म्हणाले.

फर्लांगभर गेलो. मिस्त्री रस्त्याकडं बघतच नव्हते. ते वाकून माझ्या पायांकडं बघत होते.

"ये बायां पाँव किधर है?"

"क्लचवर."

"गियर तो नहीं बदल रहे."

"नाही. पण पाय ठेवायला दुसरी जागा कुठं आहे? मला वाटलं, कंपनीनं पाय टेकायला..."

"खुंटी बी कंपनी दी, पाट बी कंपनी दी!" मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "सोलापूरवाला फोरमन फरिश्ता है. ये यादी में एक हर्फ झूट नहीं. उल्टा कमीच लिखा!"

सांगा, काय अवस्था झाली असेल माझी? खटल्याला साक्षीदार आणायला गेलो अन् साक्षीदारानं मलाच फाशी दिली. अन् नोटीस? ती तर केव्हाच सोलापूरला पोचली होती!

सोमवारी कोर्टाकडून पुढच्या तारखा मागून घेतल्या अन् एस.टी.नं सोलापूर गाठलं. मोटारीनं जायची छाती नव्हती. वाटेत माफीची सतरा वाक्यं जुळवली. शोरूममध्ये पाय ठेवला अन् सतराच्या सतरा विसरलो. समोर मल्लप्पा उभे!

"मल्लप्पा," मी म्हटलं, "चुकलं माझं. तुम्ही शेजारी बसतो म्हणालात तेव्हाच बसवायला पाहिजे होतं."

मल्लप्पा हसले नाहीत हो. तेच जास्त लागलं. ते मला आत मॅनेजरांकडं घेऊन गेले. मॅनेजर म्हणजे टोपी-कोटातले, गोड बोलणारे वयस्क गृहस्थ. टेबलावर माझीच नोटीस उघडी पडलेली. मी उभ्या-उभ्या सगळं कबूल केलं. खुंटी, पिशवी, डावा पाय, काही राखलं नाही. मॅनेजर ऐकत होते अन् रुमाल तोंडावर दाबत होते.

"नोटीस मी मागं घेतो," मी म्हटलं. "आत्ता लिहून देतो."

"ते द्याच," मॅनेजर म्हणाले. "पण एक अडचण आहे. नोटिशीची नक्कल मुंबईला मालकांकडं गेलीय. ते विचारणार, उत्तर काय दिलं? आमचे वकील आजारी आहेत, महिनाभर उठणार नाहीत. अन् इतक्या जोरदार नोटिशीला उत्तर द्यायचं म्हणजे तसाच जोरदार वकील पाहिजे." ते माझ्याकडं बघून गोड हसले. "तुम्हीच का लिहून देत नाही?"

"माझ्याच नोटिशीला?"

"मजकूर तुमचा. आमचा कारकून टाइप करील, सही माझी."

नाही कसं म्हणणार? खुर्ची ओढली, दौत जवळ घेतली. पहिली दोन वाक्यं लाजत-लाजत लिहिली. पण तिसऱ्या वाक्यापासून हात सुटला! अखेर वकील आहे मी, पक्ष कुणाचाही असो. नोटिशीतला एकेक मुद्दा घेतला अन् चिंध्या केल्या. मल्लप्पा खांद्यावरून बघत होते, मधूनच आठवण करायचे, "सायेब, काजळीचं राह्यलं," अन् मी काजळीवर आणखी एक परिच्छेद ठोकायचो. सहा पानं झाली. वाचून पाहिलं अन् खरं सांगतो, मलाच दरदरून घाम आला.

पुढं मल्लप्पांनी यादीबरहुकूम गाडी दुरुस्त केली अन् दोन दिवस शेजारी बसून मला चालवायला शिकवलं. त्याचे पैसे मात्र घेतले नाहीत.

नोटीस दिल्याचं घरी ठाऊक होतं, पुढलं काही बोललो नव्हतो. आठवड्यानं कोर्टातून दमून आलो तर ओसरीवर आमची सौभाग्यवती सोलापूरचा रजिस्टर्ड लखोटा उघडून बसलेली.

"अहो, उत्तर आलंय बघा तुमच्या नोटिशीला!" अन् मला हातपाय धुवायची सवड न देता तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "'सदर इसमास मोटार चालविण्याचे यत्किंचितही ज्ञान नसून, त्याने केलेले आरोप हे निव्वळ अज्ञान व अहंकार यांतून...'"

"पुरे," मी म्हटलं.

"थांबा हो, पुढं तर किती छान लिहिलंय!" सहाही पानं तिनं वाचली. काही वाक्यं दोन-दोनदा. मग कागदांची घडी केली, पदरानं पुसून जपून फळीवर ठेवली अन् सुस्कारा सोडला.

"काही म्हणा," ती म्हणाली, "वकील असावा तर असा! आपल्या कळंबात असा एक तरी आहे का?"