डॉक्टर भस्मेच्या तोंडचं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या एका मित्राला बाकी सगळं सांगतो, त्यालाही नाही. सांगायला बसलो की मी बरोबर त्याच्या अलीकडे थांबतो — आणि मग भलतंच काहीतरी सांगून उठतो. बहुतेक वेळा माझ्या चांगुलपणाचं. म्हणून आज लिहायला बसलोय. लिहिलेलं पुसता येतं हे मला इतरांपेक्षा जास्त माहीत आहे, तरीही.

मी कॉमिक्सचे फुगे भरायचो. पात्रांच्या तोंडातून पांढरे फुगे निघतात ना, त्यांत शब्द बसवायचं काम. आधी लेखक लिहिणार, मग चित्रकार काढणार, आणि शेवटी पानं माझ्याकडे येणार. मी फुगे ठेवायचो, शब्द टाइप करायचो, आणि पान छपाईला जायचं. माझ्यानंतर त्या पानाला कुणी हात लावत नसे. एवढं ध्यानात असू द्या.

अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, वरच्या मजल्यावरच्या गाळ्यात आमचा स्टुडिओ होता. खालच्या गाळ्यात पत्रा कापायचं मशीन. ते सुरू झालं की आमची टेबलं थरथरायची, चहाच्या ग्लासात गोल गोल वलयं उठायची. अशा जागेत आम्ही 'वाफनगर' केलं. वीज कधी आलीच नाही अशी मुंबई — घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत तांब्याचे नळ, साकीनाक्याला डोंगराएवढा बॉयलर, पवईच्या पाण्यावर उडणारी वाफेची विमानं. आणि या सगळ्यावर राज्य करणारे तीन माथेफिरू शास्त्रज्ञ. त्यांतला सगळ्यात भयंकर डॉक्टर भस्मे. पितळी जबड्याचा. माणसांचे श्वास बाटल्यांत भरून तो यंत्रं चालवायचा.

लिहायची विशाखा. मुलुंडची. वडील अकोल्याकडून नोकरीसाठी आलेले, ही इथेच वाढलेली. सकाळी क्लासमध्ये मुलांना फिजिक्स शिकवायची आणि दुपारी आमच्याकडे येऊन त्याच फिजिक्सची वाट लावायची. चित्रं काढायचा दिगंबर. आम्हा दोघांपेक्षा बराच मोठा, मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते. आम्ही त्याला दिगूदादा म्हणायचो. तो विशाखाला 'बाय' म्हणायचा आणि मला 'मेल्या'. दोन्ही प्रेमानंच — हे मला तेव्हाही कळत होतं. मग राग का यायचा?

यायचा. पहिल्या भागाचं कौतुक झालं, लोक स्टुडिओत येऊन दोघांच्या सह्या घेऊन गेले. कव्हरवर दोन नावं होती. माझं नाव शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याखाली, मुंगीएवढं. दुसऱ्या भागाच्या वेळी मी धीर करून सगळ्यांसमोर विचारलं, या खेपेला माझंही नाव पुढे घालता येईल का. दिगूदादा मान वर न करता म्हणाला, "फुगे भरणाऱ्याचा नाव कव्हरार? मगे चायवाल्याचा पण घालूया." सगळे हसले. मीही हसलो. विशाखाही हसली — आणि तिचं हसणं मला जास्त लागलं. का, ते आजही नीट सांगता येत नाही.

आता आमच्या कामातली एक रीत सांगायला हवी. एखाद्या फुग्यातलं वाक्य ठरलेलं नसेल तर तो रिकामा सोडत नाहीत. जागेचा अंदाज येत नाही. तिथे काहीबाही भरून ठेवतात. आम्ही त्याला भरताड म्हणायचो. भस्मेच्या तोंडी 'आज डब्यात पुन्हा भेंडी' असायचं, कधी 'साहेब चहा कधी पाजणार'. खरं वाक्य आलं की भरताड काढायचं. काढायचं माझ्याकडे. मजेचा प्रकार होता तो, प्रूफं बघताना सगळे मोठ्यानं वाचायचे.

दुसऱ्या भागात एक पान होतं. भस्मेनं एका म्हाताऱ्या नकाशेकाराला बॉयलरखाली कैद केलंय आणि त्याच्याकडून जबरदस्तीनं यंत्रांची चित्रं काढून घेतोय. या नकाशेकाराला दिगूदादानं गमतीनं स्वतःचाच चेहरा दिला होता. तेच टक्कल, त्याच झुबकेदार मिशा. फक्त डोळे — डोळे गमतीचे नव्हते. भस्मे त्याच्याकडे बोट दाखवून पहारेकऱ्याला काहीतरी सांगतोय. काय सांगतोय, ते विशाखाचं ठरत नव्हतं.

तिथे मी भरताड टाकलं. आणि ते भेंडीबद्दल नव्हतं.

दिगूदादाचा हात कापायला लागला होता. स्टुडिओत कुणालाच माहीत नव्हतं. कागदावर दिसतच नसे. पण मी पानं स्क्रीनवर पाचपट मोठी करून काम करायचो. चाकाच्या दात्यांच्या रेघा एका झटक्यात मारलेल्या नसत, बारीक बारीक तुकडे जोडून केलेल्या असत. कुठे शाई पसरलीच तर तो म्हणायचा, "खालचा मशीन बघ कसा टेबल हलवता." मी मान डोलवायचो. मला कळलंय हे मी त्याला कधी कळू दिलं नाही. दया म्हणून? तेव्हा मी स्वतःला तसंच सांगितलं असतं.

त्या फुग्यात मी लिहिलं: 'ह्याचे हात बघा. थरथरतात. तुकडे जोडून रेघ काढतो आणि दोष खालच्या यंत्राला देतो. ह्याला घरी पाठवा, दुसरा माणूस आणा.'

लिहिताना बरं वाटलं. खरं सांगायचं ठरवलंय, म्हणून हेही सांगतो — फार बरं वाटलं. दोन मिनिटांनी पुसायचंच आहे, असं म्हणत पुढच्या पानावर गेलो.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. ते वाक्य तसंच छापलं गेलं. गोष्टीत ते इतकं चपखल बसत होतं की छापखान्यात वाचून कुणालाच काही खटकलं नाही. आणि इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी विसरलो. गडबड होती, छापखान्याची घाई होती. माणूस विसरतो.

मी विसरलो नव्हतो. शेवटचं प्रूफ माझ्या टेबलावर होतं. त्या पानाशी आलो, तो फुगा वाचला, हातात लाल पेन होतं. वाचून झाल्यावर मी पान उलटलं. एवढंच. पुसलं नाही, खूण केली नाही. मनात काय होतं? दिगूदादानं वाचावं एवढंच असेल. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर मावळावं. त्यापुढे काय होईल याचा विचार मी केला नाही — की केला होता? इथे माझी जीभ अजूनही अडखळते.

पुस्तकं आली त्या दिवशी साहेब, म्हणजे स्टुडिओचे मालक, स्वतः गठ्ठा घेऊन वर आले. पेढे होते. साहेब पानं चाळता चाळता त्या पानावर थांबले. नकाशेकाराचा चेहरा बघून आधी हसले. मग वाचलं. मग दिगूदादाकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही, हातांकडे.

जेवणाची सुट्टी झाली होती. खालचं मशीन बंद होतं.

"दिगंबर," साहेब सहज बोलल्यासारखे म्हणाले, "एक चाक काढून दाखव रे. दातेवालं. साधंच."

दिगूदादानं आधी हसण्यावारी नेलं. "आत्ता? पेढो खाऊन?" साहेबांनी कागद पुढे सरकवला. आम्ही पाच-सहा जण उभे होतो. दिगूदादानं पेन उचललं. त्याला कागदाशी यायलाच वेळ लागला. टेबल अगदी स्थिर होतं, ग्लासातलं पाणी हलत नव्हतं, आणि त्या शांततेत पेनाचं टोक कागदावर टकटक वाजत होतं. कुणी नजर दुसरीकडे वळवली नाही. मीही नाही. अर्धवट गोल काढून त्यानं पेन खाली ठेवलं, मनगट दुसऱ्या हातानं धरलं आणि विशाखाकडे वळला.

"मी फक्त तुकाच सांगितलेला, बाय."

तेव्हा मला कळलं की त्यानं हे तिला सांगितलं होतं. फक्त तिला. विशाखाचा चेहरा पांढराफटक पडला. ती माझ्याकडे वळली. शेवटच्या दुरुस्त्या ती फोनवर सांगायची, ही आमची नेहमीची पद्धत; कागदावर काही नसायचं. या भागाच्या वेळी ती तापानं फणफणली होती, अंथरुणातून बोलली होती.

"सुनील, हे कुठून आलं? मी असं कसं सांगेन?"

बघा — 'मी सांगितलं नाही' असं ती म्हणाली नाही. 'मी असं कसं सांगेन' म्हणाली. प्रश्न होता तो. तापात आपण काय बोललो याची तिला स्वतःलाच खात्री नव्हती, आणि ते मी ओळखलं. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. एक वाक्य पुरलं असतं. 'भरताड राहून गेलं, मी लिहिलं होतं.' साहेब ओरडले असते, दिगूदादानं कदाचित कानाखाली वाजवली असती.

मी म्हणालो, "तूच सांगितलंस ना गं फोनवर. ताप होता तुला, आठवत नसेल."

इतक्या मऊ आवाजात म्हणालो. जणू तिची काळजी घेत होतो.

तिसऱ्या भागासाठी साहेबांनी दुसरा चित्रकार बघितला. विशाखानं त्याच्यासाठी लिहायला नकार दिला आणि यायची बंद झाली, म्हणून तिसरा भाग निघालाच नाही. दिगूदादाला पुढे कुणी काम दिलं नाही. कानोकानी गेलं होतं सगळीकडे. भांडुपला मेहुण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचा, असं ऐकलं. विशाखा एकदा त्याच्या घरी गेली होती. त्यानं दार उघडलं, तिला बघितलं आणि लावून घेतलं. हे मला तिनंच सांगितलं. मलाच — कारण मी तिच्याशी चांगला वागत होतो. अधूनमधून फोन करायचो, विचारपूस करायचो. का करायचो? आठवण परत आली का, ते बघायला. दुसरं कारण मला सापडत नाही.

आणि मी? पुढच्या वर्षी साहेबांनी मला मांडणी विभागाचं प्रमुख केलं. माझं नाव कव्हरवर आलं. ते पुस्तक आजही माझ्या घरी आहे, पाहुण्यांना दिसेल असं ठेवलेलं.

गेल्या वर्षी दिगूदादा गेला. शेवटची काही वर्षं त्याला पाण्याचा घोटसुद्धा स्वतःच्या हातानं घेता येत नव्हता, म्हणे. स्मशानात विशाखा आली होती, पण लांब उभी होती, घरच्यांना दिसणार नाही अशी. मी पुढे होतो. त्याच्या बायकोनं माझे हात हातात घेतले — "तुम्ही तरी इलात, भाऊजी."

बाहेर पडल्यावर विशाखा गेटशी थांबली होती. केस पांढरे झालेत तिचे. आम्ही रिक्षासाठी उभे होतो. रिक्षा काही थांबत नव्हत्या. ती म्हणाली, "एक विचारू? खरं सांगशील? मी खरंच तसं म्हणाले होते का रे फोनवर? मी इतकी वर्षं आठवून बघतेय. कधी वाटतं, शक्यच नाही. कधी वाटतं — दादाच्या हाताचं डोक्यात घोळत होतं, ताप होता, गेलं असेल तोंडातून. आता तर मला माझाच आवाज ऐकू येतो ते वाक्य म्हणताना."

या वेळी समोर साहेब नव्हते. नोकरी जाणार नव्हती. ज्याला तोंड दाखवायचं होतं, तो माणूसही उरला नव्हता. भीती कसली होती मला?

मी म्हणालो, "असेल गं. आता कशाला उकरतेस."

तिनं मान हलवली. "असेलच मग," म्हणाली, आणि रिक्षात बसली.

पहिलं खोटं मी भेदरून बोललो, असं म्हणायला थोडी तरी जागा आहे. या दुसऱ्याला ती नाही.

विशाखा, तू तसं म्हणाली नव्हतीस. तो फोन मला शब्दन् शब्द आठवतो. तू खोकत होतीस, मागे तुझी आई 'आता पुरे' म्हणत होती. तू एकेक पान सांगत गेलीस, मी स्क्रीनवर बदल करत गेलो. त्या पानाशी आलीस आणि थांबलीस. मग म्हणालीस, "तो फुगा काढूनच टाक रे. दादानं काय डोळे काढलेत बघ. तिथे कुणी बोलायलाच नको."

मी म्हणालो, "बरं."