दाराजवळची मोकळी जागा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या जळोचीत तिठ्यावर कुणीतरी उतरवून टाकलेलं लिंबू मी एकदा उचलून घरी आणलं आणि त्याचं सरबत करून आमच्या ह्यांना पाजलं. ह्यांना काही झालं नाही. नंतर सांगितल्यावर मात्र झालं – दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते निव्वळ करमणूक म्हणून... आणि आता स्वतःच लिहायला बसले आहे. ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्या.

मी हडपसरला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी बारामती स्टेशनवरून पुण्याची गाडी धरायची, संध्याकाळी परत. आम्ही रोजचे पासवाले एका ठरावीक डब्यात चढतो. गाडी फलाटाला लागता लागता खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, या कामात माझा हात धरणारं कुणी नाही. गाडीत मला स्टेशनमास्तरीण म्हणतात, आणि मला ते आवडतं. ‘डबे वाढवा’ म्हणून जेवढी निवेदनं गेली त्या सगळ्यांवर पहिली सही माझी आहे.

बारामतीला बसायला मिळतं. काटफळ, शिरसुफळपर्यंत गप्पा, डबे उघडणं, भाजीची देवाणघेवाण. खरी गंमत दौंडला. तिथं जो लोंढा आत येतो त्यात चप्पल पायात राहिली तरी नशीब. म्हणून आमच्यात एक रिवाज आहे. दौंडला तरुण मंडळींनी उठायचं आणि थकलेल्यांना बसवायचं. बसलेल्यांनी उभ्या असलेल्यांच्या पिशव्या आपल्या मांडीवर घ्यायच्या. मागावं लागत नाही, हात आपोआप पुढे येतात. ‘आण ती पिशवी हिकडं’ हे वाक्य आमच्या गाडीत ‘राम राम’सारखं आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. एके दिवशी गाडीला नेहमीपेक्षा डबे कमी होते. दौंडला जी गर्दी झाली ती मी आजवर पाहिली नव्हती. मुंगीला शिरायला जागा नाही. माणसं दाराच्या दांड्यांना लोंबकळत होती, संडासात सुद्धा माणसं उभी. आणि पलीकडच्या दाराजवळ, जिकडे फलाट क्वचित येतो त्या बाजूला, जागा मोकळी होती. डोक्यावर पाटी घेतलेली बाई आरामात उभी राहील एवढी.

कुणी ओकलं असेल असं मला वाटलं. पण जमीन कोरडी आणि स्वच्छ होती. माणसं तिच्या कडेपर्यंत दाटलेली आणि कडेला सगळी थांबलेली. एकाची पाठ तिकडे होती. अंगावर येणाऱ्या भाराने तो बिचारा कमरेत वाकला होता, पण पाय काही मागे टाकत नव्हता.

“ओ दादा, मागं सरका की. एवढी जागा पडलीय तुमच्या मागं,” मी ओरडले.

त्याने मान वळवून त्या जागेकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. “कुठं हाय जागा, मावशी? हितं चेंगरून मरायची येळ आलीय.”

चेष्टा करत नव्हता तो. घामाने निथळत होता.

दुसऱ्या दिवशी डबे वेगळे होते, बाकांचा रंगही वेगळा. म्हणजे डब्यात काही घडलं असेल म्हणावं तर डबाच तो नव्हता. तरी दौंड सुटलं आणि त्याच बाजूच्या दाराजवळ तेवढीच जागा मोकळी राहिली. गर्दी कमी असली की ती कळायची नाही. गर्दी झाली की दिसायची.

माझ्या शेजारी शमीमभाभी बसायच्या. त्यांचं बारामतीत बांगड्यांचं दुकान आहे, माल आणायला पुण्याला जातात. मी त्यांना हळूच खुणेने ती जागा दाखवली. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही.

“तुला बी दिसती व्हय?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं मलाच दिसती.”

“काय आहे तिथं?”

“ते मला ठाव न्हाय. मी बघत न्हाय तिकडं, तू बी बघू नको.” आणि त्यांनी लसणाच्या चटणीचा विषय काढला.

मी मनात म्हटलं, असतात एकेकाचे समज. लोकांना एका जागी उभं न राहायची सवय लागली असेल. एक थांबला की मागचा थांबतो, मेंढरांचा कळप. मला हे कारण पुरलं. सायली येईपर्यंत पुरलं.

सायली माझी भाची, वरकुट्याच्या माझ्या भावाची मुलगी. तिला हडपसरलाच एका कंपनीत नोकरी लागली म्हणून ती माझ्याकडे जळोचीला राहायला आली. हुशार, बडबडी पोरगी, पण गर्दीचं तिला भयंकर वावडं. दौंडला उठून उभी राहिली की पाटसपर्यंत चेहरा पांढरा फटक, हात थंडगार. एकदा तर केडगावला मधेच उतरून गेली आणि फलाटावर बसून रडली. माझ्या भावाला कळलं तर त्याने फोनवर सरळ सांगितलं, “झेपत नसंल तर यं म्हणावं घरी. स्थळं हायतीच की.” ती नोकरी तिला जिवापाड हवी होती. आणि ती टिकावी असं तिच्यापेक्षा मला जास्त वाटत होतं, कारण तिच्या वयात मला कुणी गाडीत चढू दिलं नव्हतं.

एका सोमवारी मी पाहिलं तर सायली त्या मोकळ्या जागेत उभी. ऐसपैस. ओढणी वाऱ्यावर उडतेय आणि चेहऱ्यावर हसू. गर्दीतून वाट काढत ती तिथे पोचली कशी ते मला दिसलं नाही. शमीमभाभींनी माझं मनगट घट्ट धरलं. “बोलव तिला,” म्हणाल्या. मी हाक मारली, तिने हात हलवला. उतरल्यावर म्हणाली, “आत्या, किती मोकळं वाटतं गं तिथं. आता मला गाडीची काळजीच नाही.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? पोरीची नोकरी वाचली, हेच पहिलं मनात आलं.

मग हळूहळू एकेक लक्षात यायला लागलं. दौंडला ती उठायची तेव्हा तिची पिशवी घ्यायला कुणाचा हात पुढे येईना. भडंगवाला सगळ्यांपुढे टोपली धरायचा, तिला ओलांडून जायचा. टीसीने सगळ्यांचे पास पाहिले, तिचा नाही. बारामतीच्या मंडईत एवढ्या रेटारेटीत तिच्या भोवती कुणी नाही. भाजीवाली माझ्याशी बोलली, माझ्या मागच्या बाईशी बोलली, मधे उभ्या सायलीने मेथी मागितली ते तिला ऐकूच आलं नाही. सायलीला याचं काही वाटत नव्हतं. बडबड कमी झाली होती, एवढंच. विचारलं की म्हणायची, “छान वाटतंय, आत्या.”

एका संध्याकाळी ह्यांनी चहा केला आणि दोनच कप आणले. सायली समोर बसलेली.

“अहो, पोरीचा?” मी म्हणाले.

हे तिच्याकडे पाहत राहिले. मग घाईघाईने आत गेले. नंतर मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाले, “मला आठवलंच न्हाय गं ती हाय ते. माझं वय झालं का?” रोज फोन करणाऱ्या माझ्या भावानेही कितीतरी दिवसांत लेकीची चौकशी केली नव्हती. मी त्याला फोन लावला तर तो उसाबद्दल बोलला, म्हशीबद्दल बोलला. मी सायलीचं नाव घेतलं तेव्हा म्हणाला, “हां हां. बरी हाय ना?” एखाद्या लांबच्या पाहुण्याबद्दल विचारावं तसं.

तरी मी स्वतःला समजावत होते. पण एका सकाळी मी घराला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली, फाटकापर्यंत आले आणि आतून दार वाजलं. सायली आत होती. मी तिला कोंडून निघाले होते. विसरले होते असं म्हणता येणार नाही. विसरायला काहीतरी मनात असावं लागतं, आणि माझ्या मनात त्या क्षणी सायली नावाचं कुणी नव्हतंच. मी धावत मागे गेले आणि कुलूप उघडलं. ती मात्र शांत होती. “चल, गाडी चुकेल,” म्हणाली.

त्या दिवशी मी ठरवलं, तिला माझ्या शेजारून हलू द्यायचं नाही. दौंडला मी तिचा दंड धरून ठेवला. लोंढा आला, धक्का बसला, माझा हात सुटला आणि पुढच्या क्षणी ती तिथे होती, दाराजवळ. पाठ आमच्याकडे.

एक गोष्ट रोज गाडीने जाणाऱ्यांनाच कळेल. भरलेल्या गाडीत माणूस पडत नाही. पडायला जागाच नसते, चारी बाजूंची माणसं त्याला उभं धरतात. गर्दीला आपण कितीही शिव्या घातल्या तरी ती तेवढं करते. सायलीच्या भोवती कुणीच नव्हतं आणि समोर उघडं दार.

यवत मागे पडलं होतं. गाडी भरधाव होती. सायलीने दांडी सोडली आणि पुढचं स्टेशन आल्यावर करतात तसं ओढणी सावरून एक पाऊल दाराकडे टाकलं. बाहेर नुसती शेतं होती. तिच्या हातभर अंतरावर बाप्ये उभे होते, एकाचीही मान वळली नाही.

मी उठले. लोकांना कोपरांनी ढकलत कडेपर्यंत गेले आणि तिथे माझा पाय उचलेना. भीतीने नाही. भीती वाटली असती तर मी गेले असते, मी तशीच आहे. पण पुढे काही आहे असंच मला वाटेना. कशाला जायचं, कुणासाठी जायचं, हेच निसटत चाललं होतं. मी डोळे मिटले आणि मोठ्याने बोलत राहिले – सायली, वरकुट्याची, माझ्या भावाची, सायली, सायली – आणि पाय टाकला.

ती जागा मोकळी नव्हती.

हे कसं सांगू मला कळत नाही. बाहेरच्यापेक्षा जास्त गर्दी होती तिथे. खांदे, कोपरं, पाठी, गळ्याशी कुणाचा तरी श्वास. डोळे उघडले तर कुणी नाही, पण बरगड्या दबत होत्या. गाडीचा आवाज अजिबात नव्हता. आणि ती सगळी दाटी हळूहळू, अगदी सभ्यपणे, दाराकडे सरकत होती. सायलीचा एक पाय बाहेर होता. मी तिची वेणी पकडली. वेणीच हाताला लागली. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून मागे ओढलं. आम्ही दोघी मागे कोसळलो, कडेला उभ्या माणसांच्या अंगावर.

“ओ बाई, बघून की जरा,” कुणीतरी खेकसलं. इतकं गोड मला आयुष्यात कुणी बोललेलं नाही.

शमीमभाभी बाकावरून वाकल्या, सायलीच्या खांद्यावरची पिशवी त्यांनी स्वतःच ओढून घेतली. “आण ती हिकडं,” म्हणाल्या आणि पिशवी पोटाशी धरून रडायला लागल्या.

सायली चार दिवस तापाने फणफणली होती. भाऊ वरकुट्याहून धावत आला, लेकीचे पाय दाबत बसला. एवढे दिवस तिला फोन का केला नाही ते त्यालाही सांगता येईना. ताप उतरल्यावर मी तिला एकदाच विचारलं.

“आत्या, तिथं मी एकटी नसायचे,” ती म्हणाली. “मागून रोज कुणीतरी विचारायचं, आपण दाराजवळच्याला विचारतो ना, तसं – उतरायचं का तुम्हाला? मी रोज नाही म्हणायचे. त्या दिवशी इतके जण विचारायला लागले की मला वाटलं, आपण उगाच सगळ्यांची वाट अडवून उभ्या आहोत. म्हणून हो म्हणाले.”

मी खूप जणांना विचारलं. त्या भागात अपघात झाले असतील, पण ते कुठल्या रुळावर झाले नाहीत? आमच्या लॅबमधले डॉक्टर म्हणाले, गर्दीत प्राणवायू कमी पडतो, भास होतात. होत असतील. मग ह्यांनी दोन कप आणले तो कुणाला झालेला भास? खरं सांगायचं तर उत्तर मला आता शोधायचंच नाही. सायलीने नोकरी सोडली नाही. मी सोड म्हणाले, तिने ऐकलं नाही. माझ्यावर गेली आहे.

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या महिन्यात गाडीचे डबे वाढले. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं, स्टेशनवर पेढे वाटले. आता दौंडलासुद्धा धक्काबुक्की नाही. लोक आरामात उभे असतात, मधे मधे जागा सोडून. या दाराशी जागा, त्या दाराशी जागा, बाकांच्या मधल्या वाटेत जागा... नवीन मुली त्यात उभ्या राहून फोनवर बोलत असतात.

गर्दी होती तेव्हा ती जागा निदान दिसायची. आता यातली कुठली, हे मला कळत नाही. हडपसर येईपर्यंत मी सायलीचा हात सोडत नाही.